जुन्या वॅगन आरला इंजिन ऑइल कोणतं, वीस-चाळीस, वीस-पन्नास की पाच-तीस? (१,६२,००० किमी, रत्नागिरी)

बागेतला
नमस्कार मंडळी. बाबांची २००५ ची वॅगन आर (पेट्रोल, १०६१ सीसी) आता माझ्याकडे आली आहे. काटा १,६२,००० वर आहे. आम्ही पावसजवळ राहतो. गाडीचं रोजचं काम म्हणजे घर ते बाग ४ किमी, सकाळ-संध्याकाळ. महिन्यातून एकदा आंबा घाटातून कोल्हापूर. एप्रिल-मेमध्ये मागची सीट पाडून पेट्या भरतो तेव्हा गाडी जवळजवळ टेम्पोच असते.

आता दुखणं सांगतो. दीड हजार किलोमीटरमागे पाऊण ते एक लिटर इंजिन ऑइल वरून घालावं लागतं. सकाळी पहिल्यांदा चालू केली की निळसर धुराचा एक भपका येतो, मग काही नाही. आमचे गॅरेजवाले म्हणतात, "२०डब्ल्यू-५० घाल, जाड तेल कमी जळतं." पुण्याचा मावसभाऊ म्हणतो, "५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक घाल, इंजिन लोण्यासारखं चालेल." पुस्तिकेत बघायला गेलो तर नेमकं ते पान वाळवीने खाल्लंय. आजवर बाबा २०डब्ल्यू-४० घालत आले.

हाय मायलेज गाडीला कोणतं तेल बरं?

रातांबा
हाय मायलेज म्हणजे किती देते? माझी १४ च्या वर जात नाही. :)

बागेतला
अहो ते मायलेज नाही, पळालेली गाडी म्हणायचं होतं! ॲव्हरेज १५-१६ देते.

रातांबा
कळलं हो, गंमत केली. पण दुकानात हीच गंमत खरी होते. अमेरिकेत ७५,००० मैल म्हणजे साधारण सव्वा लाख किलोमीटर ओलांडलेल्या गाड्यांसाठी 'हाय मायलेज' नावाचं वेगळं तेल विकतात. त्यात सील मऊ राहावेत म्हणून काही द्रव्यं जास्त घातलेली असतात. आपल्याकडे हा शब्द घेऊन काउंटरवर गेलात तर माणूस पेट्रोल वाचवणारं पातळ तेल काढून देईल, म्हणजे तुमच्या गाडीला हवं त्याच्या बरोबर उलटं. तेव्हा ग्रेडचा आकडाच सांगा.

आंबाघाट
मी २२ वर्षं वडाप आणि टुरिस्ट गाडी चालवतोय, रत्नागिरी-कोल्हापूर. डोळे झाकून २०डब्ल्यू-५०. उन्हाळ्यात साखरप्यापासून चढ लागला की पातळ तेलाचं पाणी होतं. घाट चढून वर चहाला थांबलं की रिकाम्या गिअरवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. वीस-पन्नास घातलं, दिवा बंद. पुस्तकं वाचून गाडी चालत नाही.

पाचवा_गिअर
काका, तुमची गाडी कुठली, इंजिन कुठलं? २०२५ मध्ये २०डब्ल्यू-५० म्हणजे इंजिनात काकवी ओतण्यासारखं आहे. नवीन गाड्यांना कंपन्या ०डब्ल्यू-२० देतात. तेल जितकं पातळ तितकं घर्षण कमी, ॲव्हरेज जास्त. बागेतला, सिंथेटिक ५डब्ल्यू-३० घाला आणि विसरा.

आंबाघाट
तू घाल आणि पेट्या भरून घाट चढ. वर आलास की फोन कर, मी टोचन घेऊन येतो.

मालवणचो
झगडू नकात रे. जाड त्याल घातल्यार म्हातारी गाडी तरणी होणा नाय. पयलो गाडयेखाली रातचो पुठ्ठो घाल नि सकाळी बघ. माझ्या वॅनीचा अर्धा त्याल जमनीर गळत होता, नि आमी समाजलव पिस्टनाच्यो रिंगा गेल्यो.

सुरंगी
मालवणचोंचा सल्ला या धाग्यावरचा आतापर्यंतचा सर्वात शहाणा आहे. मी लुब्रिकंटच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काम केलंय, आता दापोलीत असते. जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

डब्यावरचे दोन आकडे दोन वेगळ्या परीक्षांचे आहेत. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीत तेल इंजिनाला फिरू देतं का, एवढंच सांगतो. ती परीक्षा २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २०, १०डब्ल्यूची उणे २५ आणि ५डब्ल्यूची उणे ३० वर. रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटेही पारा १५ च्या आसपास राहतो. म्हणजे "२०डब्ल्यूने सकाळी स्टार्टर फिरणार नाही" ही भीती कोकणात कुणी बाळगू नये.

डब्ल्यूच्या नंतरचा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो, म्हणजे इंजिन पुरतं तापल्यावरचा. तो सेंटिस्टोक्समध्ये मोजतात. ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३ आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. पट्टे किती रुंद आहेत बघा. एका कंपनीचं १५डब्ल्यू-४० हे १३ चं असेल, दुसरीचं १५.५ चं, आणि दोन्ही डब्यांवर ४० च लिहिलेलं असेल. त्या तेलाच्या तांत्रिक पत्रकात हा आकडा असतो, मोबाइलवर दोन मिनिटांत सापडतो. ५० कडे उडी मारण्याआधी ४० मधलंच दाट टोकाचं तेल शोधावं, हे कुणीच सांगत नाही.

आता सकाळचं बघू. ४० अंशांवर साधारण ५डब्ल्यू-३० तेल ६०-७० सेंटिस्टोक्स असतं, १५डब्ल्यू-४० शंभराच्या थोडं वर आणि २०डब्ल्यू-५० दीडशेच्याही पुढे. सकाळी २५ अंशांना हे सगळे आकडे आणखी वाढतात. म्हणजे गार इंजिनात सगळीच तेलं गरजेपेक्षा कितीतरी पट दाट असतात, आणि वीस-पन्नास त्यातलं सर्वात मंद. फार दाट तेल गार असताना फिल्टरच्या कागदातून पुरेसं जात नाही. मग फिल्टरमधली बायपास झडप उघडते आणि तेवढा वेळ न गाळलेलं तेल इंजिनात फिरतं.

बागेतला, तुमची बाग ४ किमीवर. कूलंटचा काटा मधे आला तरी चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) तेल तापायला त्याहून बराच वेळ घेतं. तुमचं इंजिन वर्षातले बहुतेक दिवस गार तेलावरच चालतं, आणि महिन्यातून एकदा घाटात पुरतं तापतं. दोन टोकांची गाडी आहे तुमची.

रातांबा
खोबरेल तेलाची बाटली थंडीत सकाळी गोठते तसंच ना हे?

सुरंगी
दिसायला तसं, पण कारण वेगळं. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली खरोखर गोठतं. इंजिन ऑइल आपल्याकडे गोठत नाही, नुसतं दाट होतं. उपमा मात्र वापरा, बाबांना समजावताना कामी येईल.

आंबाघाट
ताई, मग माझा लाल दिवा का गेला ते सांगा.

सुरंगी
गेला यात नवल नाही. प्रेशर म्हणजे तेलाची झालेली अडवणूक. बेअरिंग झिजली, फटी वाढल्या, की गरम पातळ तेल तिथून सहज निसटतं, अडवणूक कमी होते आणि दिवा लुकलुकतो. जाड तेल निसटायला वेळ घेतं, म्हणून प्रेशर परत दिसतं. बेअरिंग होती तशीच राहिली. त्या गाडीचं पुढे काय झालं?

आंबाघाट
...सात-आठ महिन्यांनी हाफ इंजिन (खोलून दुरुस्ती) करावं लागलं. पण तो सीझन निघाला ना माझा!

सुरंगी
तेच तर. सीझन काढायला वीस-पन्नास ठीकच होतं. धंद्याच्या गाडीचं मे महिन्यात इंजिन उतरवणं परवडत नाही, मी तुमच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. फक्त आपण कुबडी घेतली आहे हे माहीत असलं पाहिजे. बागेतला यांचा लाल दिवा लुकलुकत नाहीये. त्यांचं तेल कुठेतरी *जातंय*. ते कुठे जातंय हे कळेपर्यंत ग्रेड बदलणं म्हणजे ताप न मोजता गोळी घेणं.

पाचवा_गिअर
आणि माझं पाच-तीस?

सुरंगी
नव्या इंजिनात बरोबर आहात. ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात बेअरिंगच्या फटी आणि ऑइल पंप त्या तेलाच्या हिशोबाने असतात. या १०६१ सीसीच्या इंजिनाची आखणी त्या काळातली नाही. आणखी एक मोजमाप असतं, १५० अंशांवर, बेअरिंगमध्ये तेल जोराने रगडलं जातं त्या स्थितीतलं. ते सेंटिस्टोक्समध्ये नाही, मिलिपास्कल-सेकंदात मोजतात. ३० ग्रेडला तिथे किमान २.९ चालतं, १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० ला किमान ३.७ लागतं. पेट्या भरून घाट चढताना हाच फरक उपयोगी पडतो. अर्थात ए३/बी४ या युरोपीय दर्जाच्या ५डब्ल्यू-३० ला किमान ३.५ लागतं, ते तेल एवढं वाईट नाही. पण जे आधीच जळतंय किंवा गळतंय, ते आणखी पातळ घातलं तर आणखी वेगाने जाईल, आणि महागाचं जाईल.

तांबडी_एसटी
माझ्याकडे २००७ ची वॅगन आर आहे, पुस्तिका शाबूत (नेप्थलीनच्या गोळ्या घालून ठेवलीय). तेलाच्या पानावर तापमानाचा तक्ता आहे. आपल्याकडच्या हवेला १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० दोन्ही बसतात. फोटो खाजगी निरोपात पाठवतो.

बागेतला
धन्यवाद! काल रात्री पुठ्ठा घातला होता. सकाळी रुपयाएवढे दोन डाग. बॉनेट उघडून बघितलं तर हेडच्या वरच्या झाकणाच्या कडेने तेल ओघळून धूळ चिकटलीय. म्हणजे थोडं गळतंयच. पण दीड हजारात लिटरभर इथूनच जाईल असं वाटत नाही.

सुरंगी
नाही जाणार. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये उत्तराच्या जवळ आला होतात. सकाळी भपका, मग स्वच्छ. हे बहुतेक वेळा व्हॉल्व्ह सीलचं (व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या रबरी टोपीचं) लक्षण असतं. गाडी रात्रभर उभी असताना कडक झालेल्या सीलमधून तेल खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. रिंगा गेल्या असत्या तर चढावर, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना मागच्याला धूर दिसला असता. पुढच्या कोल्हापूर फेरीत कुणाला तरी मागून यायला सांगा.

कॉम्प्रेशन टेस्टही करून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ असायला हवेत. एखादा पडलेला असला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून परत मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर काढणारी छोटी झडप) काढून हलवून बघा, खुळखुळला पाहिजे. तो चोंदला की इंजिनाचा श्वास कोंडतो, आतला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. वरच्या झाकणाची गळती त्यानेसुद्धा होते. अगदी किरकोळ वस्तू आहे, पण तिच्यापायी लोकांनी इंजिनं उतरवलेली मी पाहिली आहेत.

मालवणचो
बघ, मी काय सांगलंय!

वाशिष्ठी
थोडं विषयांतर. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला आमची ऑल्टो छपरापर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्याने कळकळीने "एकदा मारून बघ" म्हणून चावी हातात घेतली होती, ती वडिलांनी हिसकावून घेतली म्हणून इंजिन वाचलं. चेंबरचा नट सोडला तर आधी नुसतं पाणी, मग दुधाळ चहासारखं तेल. तीनदा तेल आणि फिल्टर बदलले. प्रत्येक वेळी साधं स्वस्त २०डब्ल्यू-४०, दहा मिनिटं चालवून काढून टाकलं.

माझा प्रश्न असा की हल्ली पावसाळ्यात ऑइल कॅपच्या आत पिवळट लोण्यासारखा थर दिसतो. पाणी अजून आहे का आत?

सुरंगी
वडिलांना नमस्कार सांगा. पुराचं पाणी इतकी वर्षं राहत नाही. छोट्या फेऱ्या आणि पावसाळी दमट हवा, दोन्ही मिळून कॅपखाली वाफ थिजते. तेल मोजायच्या कांडीवरचं तेल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी उतरत नसेल तर आठवड्यातून एकदा तासभर हायवेला फिरवून आणा, थर कमी होईल. कांडीवरही दुधाळ दिसलं किंवा कूलंट उतरत असेल तर मात्र हेडचं पॅकिंग तपासा.

बागेतला, हे तुम्हालाही लागू. ४ किमीच्या फेऱ्यांत तेलात पाणी आणि पेट्रोल दोन्ही मुरतं, उडून जाण्याइतकं तेल तापतच नाही. पेट्रोल मुरलेलं ४० ग्रेडचं तेल काही महिन्यांत ३० सारखं वागतं. म्हणून तुमच्या गाडीला ग्रेडइतकीच बदलण्याची वेळ महत्त्वाची आहे. १०,००० किमीची वाट बघू नका. ५,००० किंवा सहा महिने, आधी येईल ते.

रातांबा
मग पावसाआधी बदलावं की नंतर? आमच्याकडे पद्धत मे अखेरीची.

सुरंगी
वर्षातून एकदाच बदलणार असाल तर मी पावसानंतर म्हणेन. चार महिन्यांचं पाणी तेलात घेऊन पुढचे आठ महिने कशाला काढायचे? दसऱ्याला गाडीला हार घालायच्या आधी तेल बदला.

चाकरमानी_७७
गणपतीला गाडी घेऊन येण्याआधी मुंबईत सर्व्हिस करतो तेव्हा तिथले लोक 'इंजिन फ्लश' (आतला गाळ एकदम धुणारं द्रव्य) गळ्यात मारतात. १,४०,००० झालेल्या सँट्रोला करावं का?

आंबाघाट
अजिबात नको. माझ्या भाच्याने केलं. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटून चेंबरमधल्या जाळीवर बसला. कशेडीजवळ दिवा लागला, इंजिन तिथेच.

सुरंगी
इथे आंबाघाटांशी शंभर टक्के सहमत. आतून गाळ धरलेल्या जुन्या इंजिनाला हळूच साफ करायचं असतं. चांगलं तेल घाला, २,५०० किमीला बदला, परत तेच करा. तेलातलं डिटर्जंट ते काम सावकाश करतं. सिंथेटिकने जुनी गाडी गळायला लागते ही ओरडसुद्धा यातूनच आली असावी. गाळानेच बंद असलेली फट साफ झाली की गळती दिसू लागते.

तांबडी_एसटी
काढलेलं काळं तेल फेकू नका हां. आमच्याकडे कुंपणाच्या खांबांना लावतात, वाळवी धरत नाही. बागेतला यांनी पुस्तिकेलाच लावायला हवं होतं.

सुरंगी
पुस्तिकेचं ठीक, पण खांबांना कृपा करून नको. पहिल्या पावसात ते जमिनीत उतरतं आणि आपल्या जांभ्यातून पाणी कसं झिरपतं हे मी कोकणातल्या माणसाला सांगायला नको. विहीर किती लांब आहे तुमची? कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, तिथून ते पुन्हा शुद्ध करायला जातं.

तांबडी_एसटी
विहीर... पंधरा पावलांवर. मुद्दा पोचला.

पाचवा_गिअर
बाइकला उरलेलं कार ऑइल चालतं का? अर्धा लिटर शिल्लक आहे.

रातांबा
बहुतेक बाइकचा क्लच तेलात बुडालेला असतो. डब्यावर जासो एमए (अशा बाइकच्या तेलाचा जपानी दर्जा) लिहिलेलं नसेल तर क्लच घसरू शकतो. उरलेलं टॉप-अपला ठेवा.

बागेतला
सर्वांना उशिरा उत्तर देतोय, मधे भातकापणी होती.

आंबा घाटात आतेभाऊ मोटरसायकलने मागे होता. चढावर धूर नाही. उतारावर बराच वेळ ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की हलका निळा भपका.

कॉम्प्रेशन १६५, १६८, १६०, १६६ पीएसआय. आमच्या गॅरेजवाल्यांनीच मोजून दिलं आणि स्वतःच म्हणाले, "रिंगा ठीक दिसतात, वीस-पन्नास नको घालू." पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवला तर खुळखुळेना, आत डांबर झालं होतं. तो बदलला. वरच्या झाकणाचं पॅकिंग प्लॅस्टिकसारखं कडक, तेही बदललं. व्हॉल्व्ह सील हेड न उतरवता बदलता येतात हे मला माहीत नव्हतं. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात. दिवसभराचं काम झालं.

तेल १५डब्ल्यू-४० घातलं, सुरंगीताईंच्या सांगण्याप्रमाणे पत्रक बघून १०० अंशांना १४.८ वालं. साडेतीन लिटरचा डबा घेतला, झाकणाचं सील तपासून, पक्कं बिल घेऊन. रिकामा डबा फोडून टाकला, त्यात कुणी परत भेसळ भरायला नको. कांडीवर कमाल खुणेच्या किंचित खाली ठेवलंय.

आजपर्यंत १,४०० किमी झाले, त्यात दोन कोल्हापूर फेऱ्या. रोज सकाळी त्याच सपाट जागेवर कांडी बघतो. उतरलं ते अंदाजे पाव लिटर.

सुरंगी
छान! त्या इंजिनाला एवढं चालेल. आता पुढची पाच-सहा वर्षं ग्रेडला हात लावू नका.

आंबाघाट
ताई, माझ्या नव्या गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलंय, डिझेल आहे, टायमिंग चेनवाली. मी वीस-पन्नास नाही घालत हां.

सुरंगी
वाचलात! चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. गार जाड तेल तिथे उशिरा पोचतं आणि सकाळी चेन खडखडते. पुस्तिकेतलं तेलच घाला, बदलायची तारीख चुकवू नका.

मालवणचो
बागेतल्या, पुठ्ठ्याचा काय झाला?

बागेतला
पुठ्ठा कोरडा आहे. पण बाबांना सवय लागलीय, रोज चहाआधी गाडीखाली वाकून बघतात. परवा डाग दिसला म्हणून एवढ्या मोठ्याने हाक मारली की शेजारचेही धावत आले. एसीचं पाणी होतं.